चारही वाचनं एकाच दोऱ्यात ओवायची नसतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धर्मग्रामाच्या साप्ताहिक पत्रकासाठी रविवारच्या वाचनांवर पानभर चिंतन लिहिण्याचं काम तुमच्याकडे आलं, त्याला चार महिने झाले. पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन आणि शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) हे सगळं एका सूत्रात बसवायला जाता आणि ते ओढूनताणून होतं. शेवटी दर आठवड्याला गाडी 'प्रेम करा, क्षमा करा, आभार माना' इथेच येऊन थांबते. धर्मशास्त्र शिकलेलो नाही, तेव्हा हे काम सोडून द्यावं का, असंही तुम्ही विचारलं आहे.

मला यात दोन वेगळ्या अडचणी दिसतात. एक तांत्रिक आहे. वाचनं कशी निवडली जातात हे कळलं की ती अर्ध्या तासात सुटते. दुसरी जास्त चिवट आहे. वाचनं उघडण्याआधीच संदेश तुमच्याकडे तयार असतो आणि वाचनं त्या संदेशाला साक्षीदार म्हणून बोलावली जातात. मग कुठलाही रविवार असो, निकाल तोच लागणार. हे मी ठामपणे सांगते, कारण पहिली सहा वर्षं मीही तेच केलं.

मी धर्मगुरू नाही, सिस्टर नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलांना धर्मशिक्षण देता देता चिंतनं लिहू लागले, आणि रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आतापर्यंत सात वेळा फिरून झालं आहे. एक फरक आधीच सांगून ठेवते. मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं, प्रवचन हे धर्मगुरूंचं किंवा डीकनचं (दीक्षा घेतलेल्या सेवकाचं) काम. कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या नियमसंहितेच्या, ७६७ व्या कलमात तसं स्पष्ट म्हटलं आहे. तुम्ही लिहिता ते चिंतन. त्यामुळे तुमच्यावर एक ओझं नाही: संपूर्ण मंडळीला शिकवण देण्याचं. सोबत बसून वाचणाऱ्या माणसाने 'मला इथे हे दिसलं' असं सांगावं, इतकंच तुमच्याकडून अपेक्षित आहे. पदवी नसल्याची भीती यानेच निम्मी कमी व्हावी.

आता तांत्रिक भाग. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने) १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात म्हटलं की बायबलचा खजिना श्रद्धावंतांसाठी अधिक उदारपणे उघडा. त्यातून १९६९ साली नवा वाचनक्रम आला. त्याआधी रविवारची वाचनं दरवर्षी तीच असत आणि जुना करार रविवारी क्वचितच कानावर पडे. आताच्या क्रमात 'अ' वर्षी मत्तयचं शुभवर्तमान, 'ब' वर्षी मार्कचं, 'क' वर्षी लूकचं. मार्क लहान असल्यामुळे 'ब' वर्षी सामान्यकाळातल्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या) सतराव्या ते एकविसाव्या रविवारी योहानाचा सहावा अध्याय मध्ये येतो, सलग पाच आठवडे भाकरीवर. (त्या पाच आठवड्यांत लिहिणाऱ्याचा घाम निघतो, तयारीत राहा.) कुठलं वर्ष चालू आहे हे ओळखायचं असेल तर सनाला तीनने भागा. बाकी शून्य उरली तर 'क', एक उरली तर 'अ', दोन उरले तर 'ब'. म्हणून २०२५ 'क' आणि २०२६ 'अ'. फक्त उपासना वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं हे विसरू नका. डिसेंबरात तुम्ही पुढच्या वर्षात असता.

तुमच्या ओढाताणीचं मूळ इथे आहे. सामान्यकाळातल्या रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाला जुळेल असं निवडलेलं असतं. स्तोत्र पहिल्या वाचनाला दिलेलं उत्तर असतं. दुसरं वाचन मात्र स्वतःच्या वाटेने चालतं. प्रेषितांचं एखादं पत्र घेतलं की ते तुकड्यातुकड्यांनी काही आठवडे पुढे सरकत राहतं. 'अ' वर्षी रोमकरांस पत्र नवव्या रविवारपासून चोविसाव्यापर्यंत चालतं. त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी त्याचा मेळ बसावा असा कोणाचाही हेतू नव्हता. म्हणजे तुम्ही चार महिने जी गाठ मारायला धडपडत होता, ती बांधणाऱ्यांनीच मोकळी सोडलेली होती. कधी योगायोगाने दोन्ही जुळतात, तेव्हा जरूर लिहा. जुळत नसेल तर दुसरं वाचन त्या आठवड्यापुरतं बाजूला ठेवा. नाहीतर मी करते तसं करा: वर्षातून एकदा-दोनदा शुभवर्तमानाला नमस्कार करून फक्त पत्राचाच माग काढा. 'क' वर्षी सत्ताविसाव्या ते तिसाव्या रविवारी तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र येतं. तुरुंगातला म्हातारा पौल तरुण सहकाऱ्याला लिहितो आहे, असे ते चार आठवडे. त्याची छान लेखमाला होते.

विशेष काळांत हा नियम बदलतो. आगमनकाळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचा), पुनरुत्थानकाळ (ईस्टरनंतरचा) यांत दुसरं वाचनही बहुधा त्या काळाच्या सुरात असतं. उपवासकाळात उलट पहिल्या वाचनाला स्वतःची चाल असते. जुन्या करारातला तारणाचा इतिहास ते टप्प्याटप्प्याने सांगतं. 'अ' वर्षी एदेन बागेपासून अब्राहाम, खडकातलं पाणी, दाविदाचा अभिषेक करत यहेज्केलापर्यंत. पुनरुत्थानकाळात तर जुना करार बाजूला राहतो आणि पहिलं वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून येतं. आणि रोजच्या मिस्सेवर लिहायची वेळ आली तर सामान्यकाळात दोन्ही वाचनं आपापल्या रांगेत चालतात. तिथे दुवा शोधूच नका.

हे झालं सांगाड्याबद्दल. आता दुसरी अडचण. ती मी एका रविवारच्या उदाहरणानेच सांगू शकेन.

'क' वर्ष, सामान्यकाळातला अठ्ठाविसावा रविवार. शुभवर्तमान लूक १७:११-१९, दहा कुष्ठरोगी. दहा बरे होतात, एक परत येतो, तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. २००७ साली मी यावर जे लिहिलं ते कोणीही डोळे मिटून लिहील: आपण कृतघ्न आहोत, आभार मानायला शिकू या, आईवडिलांना कधी धन्यवाद म्हटलं का, वगैरे. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी तेच मुलांना सांगितलं, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, पण त्या नऊ जणांचं चुकलं काय? येशूनेच सांगितलं ना, याजकांकडे जा आणि स्वतःला दाखवा म्हणून? ते तर सांगितल्याप्रमाणे गेले."

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वचन पुन्हा काढलं तर पोरीचं म्हणणं अक्षरशः खरं. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत नियम आहे: रोग गेला की याजकाने तपासायचं, विधी करायचा, मग माणूस वस्तीत परत. नऊ जणांनी आज्ञा पाळली. परत आलेल्याने एका अर्थी ती अर्धवट सोडली. मग ही शिष्टाचाराची गोष्ट कशी होईल?

तेव्हापासून मी पहिल्या वाचनाकडे नीट पाहू लागले. त्या रविवारी ते २ राजे ५:१४-१७ आहे. अरामी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि शुद्ध होतो. पण वाचन चौदाव्या ओवीपासून सुरू होतं. आधीच्या तेरा ओव्यांत केवढं नाट्य आहे ते पाहा. कैद करून आणलेली इस्राएली मुलगी आपल्या मालकिणीला अलीशा संदेष्ट्याबद्दल सांगते. नामान सोनंनाणं घेऊन निघतो, इस्राएलचा राजा घाबरून कपडे फाडतो. अलीशा दारापर्यंतही येत नाही, निरोप धाडतो. नामान चिडतो: आमच्या दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत? शेवटी नोकरच त्याची समजूत काढतात. हे सगळं कापलेलं आहे. का? उरलेल्या चार ओव्यांत काय राहिलं ते बघितलं की कळतं: बरं होणं, देवाच्या माणसाकडे *परत येणं*, भेट देऊ करणं, आणि दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती मागणं. नामान परका, परत येतो. शोमरोनी परका, परत येतो. रचणाऱ्यांनी कात्री लावून बोट कुठे ठेवलं ते दिसतं.

अजून शंका असेल तर स्तोत्राचा प्रतिसाद, म्हणजे लोक मधूनमधून म्हणतात ती ओळ, पाहा. स्तोत्र ९८: परमेश्वराने आपलं तारण राष्ट्रांसमोर प्रकट केलं आहे. राष्ट्रांसमोर, म्हणजे परक्यांसमोर. माझा एक अनुभव तुम्ही गाठीला बांधून ठेवा: काही सुचत नसेल तेव्हा सगळ्यात आधी प्रतिसाद वाचा. पहिलं वाचन कोणत्या बाजूने ऐकायचं याची खूण बहुतेक वेळा त्यातच असते, आणि लिहिणारे नेमकं तेच वगळतात.

नामान माती का मागतो? त्याला वाटतं इस्राएलचा देव इस्राएलच्या भूमीशी बांधलेला आहे. त्याची उपासना अरामात करायची तर पायाखाली ती माती हवी. त्याच्या परीने अगदी प्रामाणिक मागणी. आता शोमरोनी माणसाकडे या. 'याजकांकडे जा' म्हटल्यावर याने कुठल्या याजकाकडे जायचं? यहुद्यांचं मंदिर यरुशलेमेत, शोमरोनी लोकांचा पवित्र डोंगर गरिझीम. आजार होता तोवर दहा जण एकत्र होते, दुखण्याने भिंत पाडली होती. बरे झाल्याबरोबर ती भिंत पुन्हा उभी राहणार होती. तो वळतो आणि येशूच्या पायाशी पालथा पडतो. नामानाला देव भेटायला माती लागली, याला एक माणूस पुरला. हे कोणत्याही टीकाग्रंथातून घेतलेलं नाही, दोन वाचनं शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसल्यावर मला दिसलं. तुम्हाला दुसरं काही दिसेल.

आणि मग जुनं संदेशवाक्यही परत आलं, पण वेगळं होऊन. त्याने येशूचे 'आभार मानले' यासाठी लूक जे ग्रीक क्रियापद वापरतो, त्याच मुळापासून युखारिस्त हा शब्द आला, आपण मिस्सेत जे करतो ते. त्या रविवारचा आलेलुयाचा, म्हणजे शुभवर्तमानाआधी म्हणतात तो, श्लोकही थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातला, सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करा असा आहे. तेव्हा २००७ चं चिंतन खोटं नव्हतं. ते फक्त फार लवकर पोचलं होतं, वाटेत काही न बघता.

हाच नामान वर्षभरात आणखी कुठे भेटतो हेही पाहण्यासारखं आहे. 'क' वर्षीच सामान्यकाळातल्या चौथ्या रविवारी येशू नाझरेथच्या सभास्थानात म्हणतो की अलीशाच्या काळी इस्राएलात पुष्कळ कुष्ठरोगी होते, पण शुद्ध झाला तो अरामी नामान. गावकरी त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. आणि उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी हेच शुभवर्तमान आणि नामानाची कथा, कैदी मुलीसकट, जोडीने वाचली जाते. म्हणजे रविवारी कापलेला भाग वाया गेलेला नाही. वाचनक्रमाचं वर्ष असं आतून विणलेलं आहे. दोन-तीन चक्रं झाली की हे धागे आपोआप हाताला लागतात. आत्ताच सगळे दिसले नाहीत म्हणून खंत करू नका.

याच उदाहरणात दोन खड्डे आहेत, तेही दाखवते. एक, 'यहुदी लोक कृतघ्न, परका मात्र चांगला' अशी मांडणी. शुभवर्तमानात परुशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) आले की लेखणी हमखास तिकडे घसरते. येशू यहुदी, मरिया यहुदी, प्रेषित यहुदी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या घोषणापत्राने यहुदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये असं बजावलं आहे. दुसरा, कुष्ठरोग म्हणजे पापाची शिक्षा असं सुचवणं. लेवीय पुस्तकात त्या शब्दाखाली त्वचेचे नाना विकार येतात, कापडावरची आणि घराच्या भिंतीवरची बुरशीसुद्धा. आणि तुमचं पत्रक वाचणाऱ्यांत तो आजार अंगावर काढलेलं कोणी असू शकतं. लिहिताना तो माणूस समोर बसला आहे असं धरा.

बोधकथांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी बोलल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे चिंतनाच्या सुरुवातीला एक राजा, एक साधू किंवा एक गरीब शेतकरी आलाच पाहिजे अशी पद्धत पडली आहे. त्यातल्या निम्म्या गोष्टी मोबाइलवर फिरून फिरून झिजलेल्या असतात. त्यांची अडचण अशी की त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. वाचकाला राजा लक्षात राहतो आणि लूक विसरला जातो. येशूच्या दृष्टांतांचं तसं नाही. 'क' वर्षाच्या पंचविसाव्या रविवारी लबाड कारभाऱ्याची गोष्ट येते. मालक त्या लबाडाचं कौतुक करतो. काढा बरं त्याचं एका ओळीत तात्पर्य! मी सात वेळा प्रयत्न केला आहे. अशा गोष्टी शेजारी असताना उसना राजा कशाला हवा? गोष्ट सांगायचीच असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत घडलेली, दोन-तीन वाक्यांची, आणि ती वाचनाच्या एखाद्या शब्दाला खरोखर भिडत असेल तरच.

बाकी बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. पत्रक मिस्सेआधी हातात पडतं की नंतर? आधी पडत असेल तर अर्थ सांगून मोकळे होऊ नका. कान टवकारतील असा एखादा तपशील पुढे करा आणि थांबा. नंतर पडत असेल तर वाचन ऐकून झालं आहे, तुम्ही खोल जाऊ शकता. आजारपणामुळे मिस्सेला येऊ न शकणारे वाचत असतील तर शुभवर्तमानातल्या दोन ओळी तरी शब्दशः द्या. त्या आठवड्यात वस्तीत एखादा धक्का देणारा मृत्यू झाला असेल तर ठरवलेलं बाजूला ठेवा. मी एकदा ते केलं नाही आणि 'आनंदाचा रविवार' असं शीर्षक छापून आलं. त्या घरच्या माणसांना भेटायला मला नंतर फार धीर गोळा करावा लागला.

लांबीचं म्हणाल तर पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जूनमध्ये धर्मगुरूंना सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये. लेखी चिंतन वाचायला त्याच्या निम्मा वेळ पुरे.

माझा आठवडा कसा जातो ते सांगते, जमेल तेवढं उचला. सोमवारी शुभवर्तमान मोठ्याने वाचते, भाष्य न उघडता. जिथे अडखळले, जिथे 'हे असं का?' वाटलं, तिथे पेन्सिलीची खूण. मंगळवारी दोन वेगळ्या भाषांतरांतून तोच उतारा, आणि त्याच्या मागचा-पुढचा अर्धा अध्याय. बायबल कॅथोलिक आवृत्ती असू द्या, त्र्याहत्तर पुस्तकांची. नाहीतर बेनसिरा किंवा ज्ञानग्रंथातलं वाचन आलं की सापडणारच नाही. जकातदार जक्कयाची गोष्ट येते त्या रविवारचं पहिलं वाचन ज्ञानग्रंथातलं आहे, ते चुकवण्यासारखं नाही. स्तोत्रांचे क्रमांकही आवृत्तीप्रमाणे एकाने मागेपुढे होतात, त्याने गोंधळू नका. बुधवारी पहिलं वाचन, काय कापलं ते, आणि प्रतिसाद. त्यानंतर टीकाग्रंथ उघडायचा, आणि तोही मुख्यतः माझी चूक पकडण्यासाठी. चुका निघतात. गुरुवारी एका बैठकीत लिहिते. शुक्रवारी पहिला परिच्छेद बहुधा खोडते, कारण तो घसा साफ करण्यासाठी लिहिलेला असतो. शनिवारी रात्री लिहायचं नाही. शनिवारी रात्री प्रत्येकाला 'प्रेम करा' एवढंच सुचतं.

आता सोडून द्यायचं का, याबद्दल. चार महिन्यांत तुम्हाला स्वतःलाच पुनरावृत्ती बोचू लागली. मला सहा वर्षं लागली आणि तीही एका मुलीने हात वर केला म्हणून. निदान एक पूर्ण वर्ष, आगमनकाळापासून ख्रिस्तराजाच्या सणापर्यंत, लिहून बघा. मध्ये सोडलंत तर सामान्यकाळाची संथ चाल आणि उपवासकाळाची चढण यांतला फरक हाताला लागणार नाही. जुनी चिंतनं वहीत तारखेसकट ठेवा. तीन वर्षांनी तीच वाचनं आली की नवं लिहून होईपर्यंत ती वही उघडू नका, नंतर मात्र जरूर शेजारी ठेवून बघा. माझ्या २००७ च्या पानावर समासात त्या मुलीचा प्रश्न लिहून ठेवला आहे. लेखापेक्षा तोच जास्त उपयोगी पडला.

आणि ज्या आठवड्यात खरोखरच काही दिसत नाही, असे आठवडे येतात, तेव्हा पान भरू नका. संपादकांना आधी सांगून ठेवा की कधीकधी पाचच ओळी येतील. मग जिथे अडलात ती ओवी जशीच्या तशी द्या, खाली तुमचा प्रश्न लिहा, आणि उरलेली जागा कोरी सोडायला सांगा. मी आतापर्यंत चार वेळा असं केलं. चारही वेळा लोकांनी रविवारी मिस्सेनंतर बाहेर गाठून उत्तरं दिली.